गच्चीचा पाइप बोरिंगमध्ये सोडू नका

‘मालव धरती गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर’ या ओळीने सुरू होणारा एक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी घरांत फिरतोय. मला तो पाच ग्रुपांवर आला आणि पाचही वेळा मी तो न वाचता पुढे गेले. लोकमान्य नगरातल्या माझ्या आत्याने मात्र तो वाचला, खरा मानला आणि प्लंबरला बोलावून गच्चीच्या पावसाचा पाइप थेट बोरिंगमध्ये सोडून घेतला. इमारतींच्या पाणी-ड्रेनेजचं काम मी चौदा वर्षं करतेय, आणि मला हे कळलं ते काम झाल्यावर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. फिल्टर ही ठेकेदारांची लूट आहे, पाइप सरळ बोरिंगमध्ये सोडा, जमीन पाणी आपोआप गाळते. पावसाचं पाणी आरओपेक्षा शुद्ध असतं, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून बघा. एका पावसाळ्यात टँकर कायमचा बंद होतो. आणि पश्चिमेच्या भिंतीला पूर्ण काच लावली की दिवसा दिवा लागत नाही, घर ‘ग्रीन बिल्डिंग’ होतं.

पहिल्या मुद्द्याने मला सगळ्यात जास्त संताप आला, म्हणून आधी तोच घेते.

जमीन पाणी गाळते हे खरं. पण गाळते ती माती, पाणी थेंबाथेंबाने तिच्यातून खाली झिरपताना. बोरिंग ही मातीला वळसा घालणारी वाट आहे. वरच्या भागात लोखंडी किंवा पीव्हीसी केसिंग, म्हणजे जाड पाइपाचं अस्तर, घालतात ते कशासाठी? वरची माती ढासळू नये आणि वरची घाण आत जाऊ नये म्हणून. त्याच केसिंगच्या तोंडात आपण गच्चीवरची धूळ, कबुतरांची विष्ठा आणि कुजलेली पानं सोडायची, आणि मग चारशे फूट खालची जमीन ते गाळेल असं म्हणायचं!

त्यात आपल्याखाली माळव्याचा काळा दगड आहे, बेसाल्ट. त्यात पाणी असतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या, भुसभुशीत थरांमध्ये. नदीकाठच्या वाळूसारखे बारीक कण तिथे नसतात, त्यामुळे भेगेतून घाण फारशी न गाळली जाता पुढे सरकते. पुढे म्हणजे शेजाऱ्याच्या बोरिंगमध्ये. गाळ मात्र त्याच भेगांत बसतो आणि दोनतीन पावसाळ्यांत त्या बुजत जातात. पाणी वाढवायला म्हणून केलेल्या कामानेच बोरिंगचं पाणी कमी होतं.

हे मी माझ्या मनाने सांगत नाहीये. घराच्या छतावरचं पाणी कसं गोळा करावं यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १५७९७ हे मानक २००८ पासून आहे. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून द्या, नंतरचं पाणी गाळूनच पुढे न्या, ही त्यातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. केंद्रीय भूजल मंडळही हेच सांगतं. फिल्टर म्हणजे तरी काय, एका टाकीत मोठे दगड, गिट्टी आणि वाळू यांचे थर. यात कसली लूट?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ‘शोषखड्डा खणला तरी पाणी मुरलंच नाही’ ही मेसेजमधली तक्रार खरी आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊच देत नाही. नुसता चार फुटांचा खड्डा पावसाळाभर डबक्यासारखा भरून राहतो, ते मीही पाहिलंय. त्यावरचा उपाय म्हणजे काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत जाणं आणि सेप्टिक टँक, ड्रेनेज यांपासून लांब खणणं.

टीडीएसचं प्रकरण याला जोडूनच आहे. पहिल्या दोन पावसांनंतर आत्याचा फोन आला, ‘अगं, टीडीएस निम्म्यावर आलं बघ!’ आवाजात किती आनंद होता. येणारच ना, पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे बोरिंगचं जड पाणी हलकं झालं. पण तो मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. मी एचटूएस चाचणीची छोटी बाटली घेऊन गेले आणि त्याच पाण्याने भरून ठेवली. विष्ठेतून येणारे जंतू असले की तिच्यातलं पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी होती. त्याच पाण्यात आत्या डाळ-तांदूळ धूत होती.

टँकर बंद होण्याचा हिशोब कुणीही करू शकतो. इंदूरला वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून, वीस टक्के वाया गेलं धरून, सुमारे सत्तर हजार लिटर मिळतात. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर पाच माणसांना साडेतीन महिने पुरतात. हे काही कमी नाही! पण सोळा फ्लॅटच्या इमारतीला गच्ची एकच. ती तीन हजार चौरस फुटांची असली आणि चौसष्ट माणसं राहत असली, तर तेच पाणी चोवीस दिवसांचं होतं. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी आपण पितो. त्या पाण्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून तरी पावसाचं पाणी मुरवायलाच हवं, पण खोटी आशा दाखवून नको.

आता काच. मे महिन्यात दुपार कलून सूर्य पश्चिमेला खाली उतरतो तेव्हा किरणं इतकी तिरपी येतात की छज्जा कितीही काढा, ती आत येतातच. खोलीतले नऊ वॉटचे चार एलईडी बंद करून छत्तीस वॉट वाचवायचे, आणि त्या काचेतून आलेल्या उन्हासाठी दीड हजार वॉटच्या आसपास ओढणारा एसी लावायचा, हा कुठला हिशोब? कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं वरून जातं, त्यामुळे उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर म्हणूनच लहान छज्जाही पुरतो, आणि थंडीत खाली आलेलं ऊन त्याच खिडकीतून घरात येतं. उत्तरेचा उजेड शांत, बहुतेक वर्षभर बिनउन्हाचा. खिडकी उंच असली की उजेड खोलवर जातो, साधारण तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत. ऊर्जा बचतीच्या २०१७ च्या राष्ट्रीय संहितेतही, वेगळा हिशोब मांडून दाखवल्याशिवाय, व्यावसायिक इमारतींच्या भिंतीत चाळीस टक्क्यांहून जास्त काच मान्य नव्हती. रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात काच जवळजवळ नव्हतीच. चौकातून येणाऱ्या उजेडात आजी ओसरीवर बसून दुपारी गहू निवडायची.

आत्याचा पाइप मी काढून टाकलाय. बोरिंगमध्ये क्लोरीन टाकून दोन दिवस उपसा केला. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिलाय, रिपोर्ट अजून यायचाय. तोवर आत्या नर्मदेचं पाणी उकळून पितेय, आणि आजूबाजूच्या ज्या तीन घरांत बोरिंग आहे, तिथे जाऊन ती स्वतः सांगून आली की सध्या आपापल्या बोरिंगचं पाणी पिऊ नका.