तुझा डाव झाला का?

परवा रविवारी संध्याकाळी मी आमच्या गॅलरीत उभा होतो. आत माझी अकरा वर्षांची मुलगी कॉम्प्युटरपुढं बसून विचार करत होती. तिचा डाव चालू असताना मी स्क्रीनकडं बघायचं नाही, असा नियम आहे. हा नियम मी एकट्यानं केलेला नाही. वीस वर्षांपूर्वी सांगलीत विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत आम्ही चौघांनी मिळून केला होता, आणि तो अजून चालू आहे.

खेळही तोच आहे. हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३, एकेकानं डाव खेळत आपलं राज्य वाढवायचा आणि फौजा लढवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ. १९९९ साली न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगनं काढलेला. पंचविशी ओलांडली त्यानं. एवढ्या काळात किती खेळ आले आणि गेले, हा मात्र माझ्या मनातून हलत नाही. का हलत नाही ते आज नीट लिहून काढावं म्हटलं.

चौघांत कॉम्प्युटर एकच होता. एकाचा डाव झाला की स्क्रीन काळी व्हायची, पुढच्याच्या रंगाचा झेंडा यायचा आणि बाकीचे तिघं गॅलरीत. लाल मी, निळा विटा गावचा मित्र, हिरवा इस्लामपूरचा आणि चौथा जतचा. लोडशेडिंगचे दिवस होते. खेळातल्या प्रत्येक दिवसाला डाव आपोआप सेव्ह व्हायचा, त्यामुळं लाइट गेली तरी फार तर खेळातला एक दिवस वाया जायचा. मग अंधारात गॅलरीत बसून तोच डाव तोंडी पुढं चालायचा. कुणी कुणावर चाल करून यावं, कुणी कुणाशी तह करावा. लाइट येईपर्यंत निम्मं राज्य तिथंच ठरलेलं असायचं.

जतचा गडी सगळ्यांत सावकाश खेळायचा. "झाला का रं तुझा डाव?" असं आम्ही तीनदा ओरडलो तरी आतून एकच उत्तर, "हिशेब चाललाय." हा हिशेब काय असतो ते सांगतो, कारण या खेळाचा सगळा जीव त्यात आहे.

खेळात आपलं एक गाव असतं. सुरुवातीला त्या गावचा हॉल रोज ५०० सोनं देतो. २५०० खर्चून टाउन हॉल बांधला की १००० मिळतात. ५००० खर्चून सिटी हॉल बांधला की २०००. १०,००० घालून कॅपिटॉल उभा केला की ४०००. आता वाढीव उत्पन्न आणि खर्च मांडून बघा. प्रत्येक पायरीची वसुली बरोबर पाच दिवसांत होते. आठवडा सात दिवसांचा, आणि नवीन सैन्य दर आठवड्याच्या पहिल्या दिवशीच तयार होतं. शिवाय एका गावात दिवसाला एकच इमारत बांधता येते. म्हणजे आज पैसा उत्पन्नात घातला तर सोमवारी भरतीला सैन्य उभं असतं पण ते घ्यायला खिसा रिकामा. आज सैन्याचं घर बांधलं तर सोमवारी फौज मिळते, पण पुढचा महिनाभर हात आखडता. बियाणं राखून ठेवायचं की विकून घर चालवायचं, हा प्रश्न आमच्या भागातल्या कुठल्या घरानं सोडवलेला नाही? जतच्या त्या पोराला तो शिकवावा लागला नाही. कमी पावसाच्या गावातून आलेला, हातात आहे तेवढ्यावर पुढचे चार महिने कसे काढायचे हे तो लहानपणापासून बघत आलेला होता. आम्ही तिघं पहिल्या आठवड्यात फौजा घेऊन उंडारायचो. तो शांत बसून एकेक पायरी चढायचा आणि दुसऱ्या महिन्यात त्याचे देवदूत, म्हणजे खेळातले सगळ्यांत तगडे सैनिक, आमच्या दारात उभे असायचे. एका देवदूताला ३००० सोनं लागतं. ते आमच्याकडं कधीच नसायचं.

घड्याळावर चालणाऱ्या खेळात हे घडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं ज्याची बोटं जलद तो पुढं. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही, तेही कौशल्यच. पण डावाडावानं चालणाऱ्या खेळात माणूस दिसतो. कोण किती वाट बघू शकतो, कोण कशाला भितो, कुणाला दिलेला शब्द पाळायचा असतो, सगळं उघडं पडतं. विट्याचा मित्र तह मोडायचा नाही, अगदी हरत असला तरी. वीस वर्षांनंतरही तो तसाच आहे.

आमचे आप्पा मात्र या खेळाला बुद्धीचा खेळ मानायला तयार नव्हते. आप्पा बुद्धिबळातले. सांगलीत त्या पिढीला बुद्धिबळाचं काय वेड होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ, भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे ही नावं आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जायची. आप्पांचा आक्षेप साधा होता. "पटावर सगळं समोर असतं. तुमच्या खेळात नशीब आहे, अंधार आहे. मग हरलास तर चूक कुणाची म्हणायची?"

मला हा आक्षेप बरीच वर्षं छळत राहिला. खरंच आहे, इथं नकाशा अर्धा काळोखात असतो. खाणीवर पहारा किती आहे हेसुद्धा आकड्यात कळत नाही, नुसता शब्द दिसतो. 'पॅक' म्हणजे १० ते १९, 'लॉट्स' म्हणजे २० ते ४९. आता २० आणि ४९ यांत जगण्या-मरण्याचा फरक आहे! पण तासगावात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. छाटणी, खत, फवारणी सगळं वेळेवर करूनही काढणीच्या तोंडावर ढग येतात. म्हणून मामांच्या शेतीला कुणी बिनडोकपणा म्हणत नाही. अंदाज चुकला तरी मोडून पडणार नाही अशी मांडणी आधी करून ठेवणं, हीसुद्धा बुद्धीच आहे. बुद्धिबळ मोठंच, त्याच्याशी बरोबरी सांगायची नाही. पण आप्पा, या खेळातही चूक आपलीच असते. फक्त ती चार दिवस आधी झालेली असते.

आणि हा खेळ काही मागत नाही. मुलीच्या मोबाइलवर एक खेळ होता, दर दोन तासांनी वाजायचा, हिरे विकत घ्या म्हणायचा. काढून टाकला. हा एकदा विकत घेतला की गप्प बसतो. आठवडाभर उघडला नाही तरी तुमचं राज्य जिथं सोडलं तिथंच असतं.

२०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. माळ्यावर टाकायचा राहिलेला तो जुना सीपीयू, डबाभर सीड्या, सगळं चिखलात गेलं. भांडी, कागदपत्रं गेली त्यापुढं हे काहीच नाही, पण त्या डब्याशी मी थोडा वेळ बसलो होतो. पुढं कळलं की खुद्द खेळाचंही असंच झालं होतं. प्रकाशक थ्रीडीओ २००३ मध्ये बुडाली, हक्क दुसरीकडं गेले. २०१५ साली नवी आवृत्ती आली तेव्हा त्यात दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडलेले भाग, नव्हते, कारण त्यांचा वापरण्याजोगा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, हाती लागला नाही. पण खेळणाऱ्यांनी तो सोडला नाही. काही चाहत्यांनी स्वतः खपून 'हॉर्न ऑफ द अबिस' नावाचा विस्तार केला, २०११ च्या अखेरीस पहिल्यांदा दिला, फुकट. त्यात चाच्यांचं एक नवं गाव, आणि २०२३ संपता संपता 'फॅक्टरी' नावाचं आणखी एक. एका मेलेल्या कंपनीच्या खेळात चाहते एवढ्या वर्षांनी नवी गावं वसवतायत, आणि मूळ गावांच्या शेजारी ती परकी वाटत नाहीत. मला हे फार थोर वाटतं.

मुलीनं रविवारी आत बोलावलं तेव्हा वहीत आकडे मांडलेले होते. सोन्याच्या खाणीवर 'लॉट्स' पहारा होता. तिनं हल्ला केला नाही. "बाबा, आधी सिटी हॉल बांधला. पाच दिवसांत वसूल होतोय." हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिचं तिनं काढलं होतं.

विटा, इस्लामपूर, जत, तिघंही ही पोस्ट वाचाल. गणपतीत सांगलीत येताय ना? खुर्च्या चार आहेत, गॅलरीही मोठी आहे. आणि जतवाल्या, या वेळी तुझ्यासारखीच एक हिशेब करणारी बसलीय.