एसी, ऊस आणि नकाशे: एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब,

२०१९च्या पुराच्या नकाशांवरच्या लेखाखाली आपण लिहिलंत: "पुण्यात एसीत बसून नकाशे रंगवणाऱ्यांना पूर काय कळणार? शिरोळला आमचा ऊस आठवडाभर पाण्यात होता, तुमच्या नकाशात तो कोरडा. पूररेषा बिल्डर ठरवतात. पंचनाम्याला पर्याय नाही."

आधी एसीचं. माझ्या घरात एसी नाही. असता तरी काय बिघडलं असतं, कळत नाही. मी सांगलीचा, कृष्णाकाठचा. २००५ला आमच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं, तेव्हा आई ज्वारीचं पिंप माळ्यावर चढवत होती आणि मी खालून रेटत होतो. पाणी उतरल्यावर वडिलांनी ओलीच्या रेघेवर खिळा ठोकला. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ला नदी ५७च्या वर गेली आणि तो खिळा दिसेनासा झाला. तेव्हा चिखलाचं मला शिकवू नका. रागावून लिहायला हरकत नाही, पण 'रंगवणारे' हा शब्द जिव्हारी लागला. पुराचा नकाशा म्हणजे शाळेतली चित्रकलेची वही नव्हे.

आता ऊस. नकाशात 'कोरडा' असं कुठेही लिहिलेलं नाही, तो अर्थ तुमचा. पुराच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, साध्या कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही, म्हणून सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार वापरतात. सपाट पाण्यावरून त्याची लहर पलीकडे निसटते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं उमटतं. डोक्याएवढा ऊस शेंडे बाहेर काढून उभा असेल तर लहर पानांतच अडते. बुडाशी कमरेइतकं पाणी असलं तरी शेत काळं होत नाही. गावठाणात तर भिंतींवर आपटून ती उलट येते आणि बुडालेली गल्ली उलट उजळ दिसते. शिवाय उपग्रह रोज येत नाही; नकाशा त्या एका वेळेचा. हे सगळं लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात. तिथवर पोचला असतात तर बरं झालं असतं. नकाशाखालची तारीख फार बारीक होती, एवढं मान्य. ती मोठी केली आहे.

पंचनाम्याला पर्याय आहे असं मी कधी म्हटलं? तलाठी पाणी ओसरल्यावर बांधावर येतो. आधी कुठल्या शिवारात जायचं, एवढं नकाशा सांगतो. नुकसान किती, हे तो सांगत नाही.

पूररेषेचं म्हणाल तर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. २०१९नंतर दोनच वर्षांत पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुन्हा ५६ फुटांच्या घरात गेली, त्यामुळे या हिशेबावर बोलण्यासारखं बरंच आहे. पण बिल्डर वगैरे विषय जलसंपदा खात्याकडे न्या, माझ्याकडे नको.

तुमच्या शेताचा गट नंबर आणि पाणी चढल्या-उतरल्याच्या तारखा इथे टाका, नकाशावर नोंद करतो. 'तुम्हाला काय कळणार' ही भाषा मात्र पुन्हा दिसली तर प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही.