नसांची गोळी म्हणजे नेमकी कोणती?

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'नसांच्या सगळ्या गोळ्या हृदयाला विष. ठोके अनियमित असतील तर आजच बंद करा. नुसतं बी-१२ घ्या, फारच दुखलं तर साधी पेनकिलर.' पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे. यंत्रमागावर उभं राहून जन्म काढलेले एक मामा परवा आले. शुगरमुळं तळपायाची आग, त्यात ठोके चुकतात. म्हणाले, "बंद केली ओ गोळी, मोबाईलवर आलंय."

'सगळ्या' या शब्दातच घोळ आहे. अमिट्रिप्टिलीन आणि नॉरट्रिप्टिलीन ही मुळात डिप्रेशनची औषधं, कमी डोसात नसांच्या दुखण्यावर देतात. त्यांनी हृदयातला विजेचा संदेश संथ होऊ शकतो, तो फरक ईसीजीत दिसतो. ठोके बिघडलेल्या माणसाला ती देताना डॉक्टर दहादा विचार करतात. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर देतच नाहीत. एवढ्यापुरता मेसेज खरा आहे.

पण नसांच्या दुखण्यावरच देतात त्या प्रीगॅबालिनची गोष्ट वेगळी. तिथं मुख्य काळजी असते पायावर येणाऱ्या सुजेची, म्हणून हृदय कमजोर असलेल्यांना जपून देतात. शिवाय ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, बघून डोस ठरतो. गॅबापेंटिनचाही डोस तसाच. ड्युलोक्सेटिननं बीपी वाढू शकतं. चेहऱ्याच्या नसेसाठी देतात ती कार्बामाझेपिन रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा असर कमी करते. आता या सगळ्यांना एकच 'विष' कसं म्हणायचं?

'आजच बंद करा' हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. बरेच दिवस घेतलेली प्रीगॅबालिन एकदम सोडली तर घाम, बेचैनी, झोप उडणं, क्वचित फिटसुद्धा. ती हळूहळूच उतरवावी लागते.

बी-१२ कमी असेल तर जरूर घ्या; बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत ते कमी होतं. कमी नसेल तर आग त्यानं विझेल असं नाही.

आणि 'साधी' पेनकिलर? ठोके अनियमित असणाऱ्या बऱ्याच जणांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असते. त्यावर डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. नसांच्या दुखण्यावर तिचा फारसा उपयोगही नाही. फॉरवर्ड करणाऱ्यानं नेमकी पेनकिलरच सुचवावी, कमाल आहे.

मामांनी खिशातून गोळ्यांची कापलेली पट्टी काढली, नाव निम्मंच उरलेलं. जुनी चिठ्ठी मागवली तर ती जोडगोळी निघाली, प्रीगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलीन एकत्र. अशा गोळ्या आपल्याकडं सर्रास मिळतात, आणि पेशंटला वाटतं आपण एकच औषध घेतोय. चिठ्ठी, पट्टी आणि ईसीजी घेऊन त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवलं. नॉरट्रिप्टिलीन बंद झाली, प्रीगॅबालिन एकटी चालू राहिली, क्रिएटिनिन बघून कमी डोसात.