‘कामचुकार’ या शब्दाबद्दल

महोदय (तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून एवढंच म्हणतो),

प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या पद्मिनी या जुन्या मोटारीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “दारं नीट बसायची नाहीत, कारण कुर्ल्याचे कामगार कामचुकार होते. तुमचा लेख म्हणजे भाबडं स्मरणरंजन.” एक चूक आधी कबूल करतो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, मी १९८४ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘कामचुकार’? हा शब्द इतक्या सहज कसा लिहवला तुम्हाला? समोर बसून बोलत असतात तर हीच भाषा वापरली असती का? माझे वडील २५ वर्षं डेंटर, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणारे कारागीर, होते. कुर्ल्याच्या कारखान्यात नव्हे, एका छोट्या गॅरेजात. मी त्यांच्या हाताखाली पत्र्याचं काम शिकलो. दार बसवताना आधी बिजागरीचा खांब बघायचा, मग चौकट, मग पत्र्याची कड, हे मी वाचून सांगत नाही. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसचा डाय, म्हणजे साचा, झिजला की कड बोथट येते, पत्रे एकसारखे निघत नाहीत. मग माणूस ठोकून, घासून दाराभोवतीची गॅप जुळवतो. जे प्रेसने करायचं ते हाताने करावं लागलं की प्रत्येक गाडी थोडी वेगळी होणारच. याला आळस म्हणता तुम्ही?

फियाट ११००डी इटलीत १९६२ मध्ये आली आणि १९६६ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तीच बॉडी पद्मिनीच्या रूपात २००० च्या सुमारापर्यंत चालली. किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर ठरायचं. परदेशी यंत्र आणायचं तर परकीय चलनाची परवानगी हवी. त्यात १९६९ मध्ये सरकारने किंमतही बांधून दिली, कंपनीला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. आणि गिऱ्हाईक तर वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं, दार कसंही बसो, गाडी खपणारच. अशा वेळी नव्या डायवर पैसे कोण घालणार होतं? लाईनवरचा फिटर?

कारखान्यात संप झाले, हे मी कुठे नाकारतोय? पण संपात कारखाना बंद असतो, त्या दिवसांत एकही दार बसवलं जात नाही. वाकडी दारं कारखाना चालू असतानाच्या दिवसांतली आहेत, त्यांचं कारण तिथे शोधा.

गंज, मायलेज, गिअर या तुमच्या बाकी मुद्द्यांत नवीन काही नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

मतभेद खुशाल ठेवा. पण कामगारांबद्दल हा शब्द इथे पुन्हा लिहिलात तर प्रतिक्रिया काढून टाकीन, आधीच सांगून ठेवतो.