‘साधारण’ नावाचा रकाना

इतिहासाच्या कागदांना अघळपघळ बोलण्याची खोड असते आणि संगणकाला ती मुळीच खपत नाही, हे सदाशिवरावभाऊंची पानिपतची स्वारी परस्परसंवादी नकाशावर मांडण्याचे काम अंगावर घेतल्यापासून मी रोज अनुभवतो आहे. पत्रात मजकूर असतो ‘मुक्काम नदीकिनारी’. नकाशाला मात्र अक्षांश-रेखांश हवे असतात, तेही दशांशचिन्हापुढे सहा अंकांपर्यंत, म्हणजे भाऊसाहेबांचा डेरा सुमारे ११ सेंटीमीटरच्या अचूकतेने ठोकायचा! “साधारण इथेच कुठेतरी असेल,” असे आमचे इतिहासाचे सर म्हणाले, तेव्हा आमची संगणक-अभियंता अत्यंत नम्रपणे उत्तरली, “सर, ‘साधारण’ नावाचा रकाना तक्त्यात नाही.”

बरे, अंक मिळाले तरी त्यांचे मानपान सांभाळावे लागते. जिओजेसन फायलीत (म्हणजे ठिकाणांची माहिती साठवणाऱ्या फायलीत) रेखांश आधी, तर लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या साधनातल्या खुणेला अक्षांश आधी. यात जरा उलटसुलट झाले की पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन बसते. शिवाय पायाभूत नकाशा आजचा असल्याने मराठी फौज टोलनाके ओलांडत उत्तरेकडे निघालेली दिसते, ती गोष्ट वेगळीच.

तारखांचे दुखणे याहून जुनाट आहे. पेशवाईतल्या पत्रांवर मृग नक्षत्रावर पालटणारा सुहूर सन ही जुनी कालगणना असते, तीही अरबी शब्दांत, अक्षरी. १७६०-६१ या सालासाठी ‘इहिदे सितैन मया व अलफ’ (म्हणजे ११६१) असे लिहून कारकून मोकळा होतो आणि आमच्या कालपट्टीवरच्या सरकत्या मण्याला वर्ष, महिना, दिवस यांपलीकडे काही कळत नाही.

शेवटी अनिश्चित मुक्कामांसाठी धूसर वर्तुळे काढायचे ठरले. ती कल्पना मला अजूनही प्रामाणिक वाटते. परंतु चाचणीसाठी बसवलेल्या आमच्या काकांनी ती पाहून आधी चष्मा पुसला, मग मोबाइलची काच पुसली आणि नंतर नकाशा मोठा करून स्वतःचे गाव शोधू लागले. ते फौजेच्या वाटेवर नाही, हे सांगितल्यावर त्यांनी आमच्या साधनांविषयी शंका व्यक्त केली.

फौजेचा ठिपका मार्च १७६० मध्ये मराठवाड्यातल्या पडदूरहून (आजच्या परतूरहून) निघतो, ऑगस्टमध्ये दिल्लीत असतो, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर थांबतो आणि चलचित्र आपोआप पुन्हा सुरू होत असल्यामुळे लगेच पडदूरला हजर होतो. ही पुनरावृत्ती बंद करावी असे सरांचे मत होते. काकांनी मात्र त्याला सक्त विरोध केला. प्रत्येक फेरीत ठिपका दिल्लीला पोचला की ते पडद्याजवळ वाकून म्हणतात, “भाऊसाहेब, या खेपेस तरी इथूनच मागे फिरा.”