पखाल

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये कुणाला तहान लागत नाही. त्यांचं हायड्रेशन चुकतं. माझं ते ऑक्टोबरमधल्या एका रविवारी चुकलं, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर, अठराव्या किलोमीटरला. ठाण्यात ऑक्टोबरमध्ये घाम येतो, पण जात नाही. हवेतच एवढं पाणी की तो वाळायचं नाव घेत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मानपाड्याजवळ दुभाजकावरच्या झाडांना टँकरनं पाणी घालणं चालू होतं. मी ज्या नजरेनं त्या पाइपाकडे पाहिलं, ती बघून पाइपवाला दोन पावलं मागे सरकला.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत ४२.१९५ किलोमीटर धावणार, असं मी ग्रुपमध्ये जाहीर करून बसलो होतो. तेव्हा पाण्याची सोय करणं भाग होतं. हातात बाटली धरून पळावं, तर पाच किलोमीटरनंतर तो हात आपला राहत नाही. कमरेला छोट्या बाटल्यांचा पट्टा बांधला, तर तो दर शंभर पावलांना खाली घसरतो आणि जाताना चड्डीलाही सोबत नेतो. राहता राहिली पाठ. म्हणून हायड्रेशन पॅक, म्हणजे पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडापाशी.

दुकानातल्या मुलानं टेप काढून आधी छाती मोजली. मग त्याची नजर जरा खाली गेली, आणि एक शब्द न बोलता त्यानं एक साइज वरचा पॅक काढला. आरशात तो झकास दिसत होता. रिकामा पॅक कुणालाही झकासच दिसतो. घालून बघायचा तर पाणी भरून, आणि दुकानातच चार उड्या मारून बघायचा, ही अक्कल मला बिल भरल्यावर आली.

घरी आईनं तो उलटसुलट करून पाहिला. "अरे, ही तर पखाल! आमच्या गावात रेड्याच्या पाठीवर असायची." मग किमतीची चिठ्ठी वाचून म्हणाली, "फक्त तिचे पैसे रेड्याला द्यावे लागत नव्हते."

आतली पिशवी दीड लिटरची. दीड लिटर म्हणजे दीड किलो. तीन महिने संध्याकाळचा वडापाव सोडून मी बरोब्बर दीड किलो उतरवलं होतं. ते आता पट्ट्यांनी पुन्हा पाठीला बांधलं आणि उपवनला गेलो.

तलावाकाठी धावायला लागलो, तर मागून कुणीतरी चुळा भरत पळत येतंय असा आवाज. थांबलो, आवाजही थांबला. पळालो, पुन्हा चुळा. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' यावर शाळेत मी पानभर कल्पनाविस्तार केला होता, पण ते पाणी कधी पाठीवर घ्यावं लागेल असं वाटलं नव्हतं. शेवटी ग्रुपमधल्या काकांनी (वय पासष्ट, वेग माझ्या दीडपट) इलाज सांगितला. पिशवी भरली की उलटी धरायची आणि नळीतून आतली हवा ओढून घ्यायची. हवाच नसेल तर पाणी डचमळणार कशाला? मी बाकावर बसलो, पिशवी उलटी धरली, नळी तोंडात घेतली. आणि नुसतं ओढून त्या तोटीतून काही येत नाही, ती चावावी लागते, हे ठाऊक नसल्यामुळे बराच वेळ चोखत राहिलो. शेजारच्या बाकावरचे आजोबा हास्यक्लब आटोपून बसले होते. बघून बघून म्हणाले, "सलाइन आहे का? मग पळता कशाला? घरी कळवलंय का?"

मला राग आला. पण घरी येऊन वाचलं, तर आजोबाच बरोबर. १९८८ साली टेक्ससमधल्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन नावाच्या, अँब्युलन्सवर काम करणाऱ्या माणसानं सलाइनची पिशवीच पाण्यानं भरली, लांब मोज्यात घातली, शर्टाच्या पाठीला लावली, नळी खांद्यावरून पुढे आणली आणि कपड्यांच्या चिमट्यानं अडकवली. पुढे त्यातूनच असे पॅक बनवणारी कॅमलबॅक कंपनी आली. त्या शर्यतीचं नावच मुळी 'नरकाहून गरम' अशा अर्थाचं आहे. त्यांनी आमचा घोडबंदर रोड पाहिलेला नाही.

त्या दिवशीच्या आंघोळीचं फार सांगत नाही. पट्टे जिथे जिथे घासले होते, तिथे तिथे पहिला तांब्या पोचला. वरच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवून चौकशी केली. पुढच्या रविवारपासून व्हॅसलिन.

खरा घोळ शब्दानं केला. त्या पिशवीला ब्लॅडर म्हणतात. एका पहाटे मी बाल्कनीतून ओरडलो, "अगं, माझं ब्लॅडर गळतंय!" आणि बायको आतून म्हणाली, "मग उलटं टांग ना दोरीवर!" संध्याकाळी शेजारच्या काकूंनी एका डॉक्टरांचा नंबर आणून दिला. "लाजायचं नाही हो," म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही होतं."

धुणं हे तर स्वतंत्र खातंच आहे. पिशवी ओली मिटली की आतल्या कडा चिकटतात आणि बुरशी धरतात, म्हणून आत लाकडी रवी उभी करून ती वाळवायची. नळी साफ करायला आईनं परकराची नाडी दिली. वाळवायचा कंटाळा आला तर पिशवी सरळ फ्रीझरमध्ये, म्हणजे बुरशी वाढत नाही. फक्त मटारांशेजारी ती बघून पाहुणे दचकतात. आणि आत पाण्याशिवाय काही घालायचं नाही. मी एकदा कोकम सरबत घातलं. सरबत दोन तासांत संपलं, कोकम अजून आहे.

पखाल आल्यावर माझा वेग वाढला का? नाही. उलट नळी तोंडापाशीच, म्हणून मी हुक्क्यासारखा दर दोन मिनिटांना घोट घ्यायला लागलो. काकांनी दटावलं, "तहानेपुरतं पी. नुसतं पाणी ढोसलंस तर रक्तातलं सोडियम उतरेल, आणि ते तहानेपेक्षा वाईट." मग ओआरएस आणलं. एक पुडी एका लिटरला, पिशवी दीड लिटरची. उरलेली अर्धी पुडी ओट्यावर, मुंग्या तिच्याभोवती. आईनं ओटा पुसता पुसता एवढंच म्हटलं, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

गेल्या रविवारी गायमुखाहून परत येताना नळीतून एकदम 'घुर्रर्र' झालं. पाठीवरच्या पाण्याचं हेच आहे, किती उरलंय ते दिसत नाही, संपल्यावर कळवतात. अजून सात किलोमीटर होते. रस्त्याकडेला एक रसवाला नुकताच चरकाला पाणी मारून ऊस लावत होता. मी जाऊन उभा राहिलो. बोलायचंही त्राण नव्हतं. त्यानं मला पाहिलं, पॅक पाहिला, लोंबती नळी पाहिली.

"साहेब, ग्लासात, की यातच भरू?"

कोकम आठवलं. नाडी आठवली. आई आठवली.

"आलं-लिंबू घाल," म्हटलं, आणि त्याच्याकडे पाठ केली.