‘खिशातला कॉम्प्युटर’ या फॉरवर्डला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज वेगवेगळ्या लोकांकडून माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो आहे. मजकूर साधारण असा: ‘एक पेनड्राइव्ह घ्या. लिनक्सची आयएसओ फाइल त्यात कॉपी करा. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला तो लावा, तुमचा स्वतःचा कॉम्प्युटर सुरू! सगळं काम पेनड्राइव्हमध्येच राहतं, त्या मशीनवर काहीही खूण राहत नाही, व्हायरस लागूच शकत नाही आणि वेग हार्ड डिस्कइतकाच.’

पेनड्राइव्हवरून बूट करणं, म्हणजे त्यावरचीच ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणं, मला मनापासून आवडतं. (लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम.) विंडोज सुरूच होत नाही अशा कित्येक लॅपटॉपमधल्या फाइली मी याच वाटेने बाहेर काढून दिल्या आहेत. म्हणूनच या मेसेजला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. त्यातलं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर भिस्त ठेवून लोक स्वतःचा डेटा घालवून बसतात.

‘आयएसओ फाइल कॉपी करा’

आयएसओ ही अख्ख्या डिस्कची प्रतिमा असते. ती नुसती कॉपी केली तर पेनड्राइव्हवर एक मोठी फाइल येते, बाकी काही होत नाही. मशीन चालू होताना फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, काय शोधतं ते बघा. जुन्या पद्धतीचं फर्मवेअर, म्हणजे बायोस, ड्राइव्हचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं आणि त्याच्या शेवटी ‘५५ एए’ ही खूण असेल तरच तिथला कोड चालवतं. नव्या पद्धतीचं, म्हणजे यूईएफआय असेल तर ते फॅट३२ पद्धतीने मांडलेल्या पार्टिशनमधल्या (ड्राइव्हच्या एका भागातल्या) ‘ईएफआय’ फोल्डरात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल शोधतं. हे सगळं आयएसओच्या पोटात असतं, पण फर्मवेअर आयएसओ उघडून बघत नाही. म्हणून रूफस, बलेनाएचर किंवा लिनक्समधली डीडी कमांड वापरून ती प्रतिमा ड्राइव्हवर लिहावी लागते.

व्हेंटॉय हे बूट ड्राइव्ह बनवायचं साधन वापरणारे म्हणतील, आम्ही तर नुसती कॉपीच करतो. खरं आहे, पण त्या ड्राइव्हवर व्हेंटॉय आधी बसवलेलं असतं. बूट होतं ते व्हेंटॉय, आणि मग ते आयएसओंची यादी समोर ठेवतं. विंडोजच्या आयएसओची गोष्ट आणखी वेगळी. ती डीडीने लिहिली तर सहसा बूट होत नाही, आणि तिच्यातली मुख्य फाइल बऱ्याचदा फॅट३२च्या ४ जीबीच्या मर्यादेत मावत नाही. रूफस त्यातून वाट काढतो.

मेसेजमध्ये ज्याबद्दल एक अक्षर नाही ते सगळ्यात महत्त्वाचं: प्रतिमा लिहिली की ड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं. लिनक्समध्ये डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं असतात. डीडीला ‘एसडीबी’च्या जागी चुकून ‘एसडीए’ सांगितलं तर ती ‘नक्की का?’ असं विचारत नाही, आतल्या डिस्कवर लिहायला लागते. कमांड देण्याआधी डिस्कची यादी काढून आकार ताडून बघा. १६ जीबीचा ड्राइव्ह कोणता आणि ५०० जीबीची डिस्क कोणती, हे त्या यादीत लगेच दिसतं.

‘जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला’

नाही. नेहमीची लिनक्स आयएसओ इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरसाठी बनवलेली असते. २०२०पासून आलेले एम१ आणि त्यापुढच्या चिपचे मॅक तिच्यावरून बूट होत नाहीत. त्याआधीच्या टी२ चिपच्या मॅकवर बाहेरच्या ड्राइव्हवरून बूट होण्याची परवानगी मुळातच बंद असते, ती आधी द्यावी लागते.

विंडोजच्या मशीनवर सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीच्या सहीचाच कोड सुरू होऊ देणारी सोय, आडवं येतं. उबुंटू, फेडोरा, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांचा ‘शिम’ नावाचा छोटा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असल्यामुळे ते चालतात, पण तेही कायमचं गृहीत धरता येत नाही. ऑगस्ट २०२४मधल्या एका विंडोज अपडेटने असुरक्षित ठरलेल्या जुन्या बूटलोडरांना मनाई केली आणि काल चालणारे कितीतरी लिनक्स पेनड्राइव्ह ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ दाखवून थांबले.

यावर लोक एकमेकांना सल्ला देतात, सिक्युअर बूट बंद करून टाक. दुसऱ्याच्या मशीनवर हे कधीच करू नका. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, असेल तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. मालकाला ती की कुठे ठेवली हे माहीत नसेल तर त्याच्या सगळ्या फाइली त्या एका पडद्याच्या पलीकडे राहतात.

‘सगळं काम पेनड्राइव्हमध्येच राहतं’

या वाक्याचा मला खरा राग आहे. माझ्या भाच्याने या मेसेजवर विश्वास ठेवून पेनड्राइव्ह बनवला आणि त्यावर उबुंटू सुरू करून दोन दिवस प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिला. रात्री लॅपटॉप स्लीपवर ठेवत होता, म्हणून सगळं जागच्या जागी दिसत होतं. तिसऱ्या दिवशी शटडाउन केलं. पुन्हा चालू केल्यावर कोरा डेस्कटॉप. मला फोन आला तेव्हा रडवेला झाला होता, आणि परत आणण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

असं का झालं? लाइव्ह सिस्टिम, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टिम, ही एका दाबून लहान केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते. तुम्ही जे काही बदलता, लिहिता, इन्स्टॉल करता ते तिच्यावर अंथरलेल्या एका पातळ थरात जातं आणि तो थर रॅममध्ये असतो. वीज गेली की थर गेला. हा दोष नव्हे, लाइव्ह सिस्टिम मुद्दाम अशीच घडवलेली आहे.

काम टिकवायचं तर दोन वाटा आहेत. पहिली पर्सिस्टन्सची: तो थर रॅमऐवजी ड्राइव्हवरच्या वेगळ्या पार्टिशनवर ठेवायचा. रूफसमध्ये उबुंटू किंवा डेबियनची आयएसओ निवडली की त्या पार्टिशनचा आकार ठरवायची सोय दिसते. मुळात तो शून्यावर असतो. तो तसाच ठेवला तर काहीही टिकत नाही, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. शिवाय मूळ फाइल तशीच राहत असल्यामुळे प्रत्येक अपडेट वरच्या थरात साचत जातो आणि जागा भराभर भरते.

दुसरी वाट पूर्ण इन्स्टॉलेशनची. एका पेनड्राइव्हवरून बूट करायचं आणि दुसऱ्या ड्राइव्हवर, डिस्कवर करतो तशीच, सिस्टिम बसवायची. काम नेहमी करायचं असेल तर मी हेच सुचवतो. पण इथे एक खड्डा आहे. तुम्ही बाहेरचा ड्राइव्ह निवडलात तरी इन्स्टॉलर बूटलोडर लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकू शकतो. मग तो ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर बूट होत नाही, आणि घरच्या मशीनचा बूट मेनू मात्र बदललेला असतो. शक्य असेल तर इन्स्टॉल करताना आतली डिस्क काढून ठेवा. नाहीतर बूटलोडर कुठे जातो आहे हे स्वतः डोळ्यांनी बघूनच पुढे जा.

विंडोज खिशात ठेवायचा अधिकृत मार्ग ‘विंडोज टू गो’ हा होता. विंडोज ८च्या एंटरप्राइज आवृत्तीत तो आला आणि २०२०मध्ये विंडोज १०च्या २००४ आवृत्तीत काढून टाकला गेला. तसा ड्राइव्ह रूफसने आजही बनवता येतो, पण त्यामागे आता मायक्रोसॉफ्टचा आधार नाही.

‘काहीही खूण राहत नाही’

आतली डिस्क उघडली नाही तर तिच्यावर फाइली राहत नाहीत, इतपत बरोबर. पण काही लाइव्ह सिस्टिम आतल्या डिस्कवर लिनक्सचं स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) सापडलं तर ते वापरायला घेतात, म्हणजे रॅममधला मजकूर त्या डिस्कवर उतरू शकतो. घड्याळाचंही बघा. लिनक्स हार्डवेअर घड्याळात सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ. तुम्ही पेनड्राइव्ह काढून गेलात आणि मालकाच्या विंडोजमध्ये वेळ काही तास सरकलेली दिसली, तर ती खूणच झाली.

नेटवर्कचं तर विचारूच नका. राउटरला तुमचा मॅक अ‍ॅड्रेस (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) दिसतो, वेबसाइटला आयपी दिसतो. पेनड्राइव्हचा त्याच्याशी संबंधच नाही. खूण न ठेवणं हेच ज्याचं ध्येय आहे त्या टेल्स या लाइव्ह लिनक्सची रचना म्हणूनच वेगळी आहे: ती आतल्या डिस्कचं स्वॅप वापरत नाही, बंद होताना रॅम पुसते आणि इंटरनेट टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून नेते. तरीही कीबोर्ड आणि मशीनच्या मध्ये बसवलेला हार्डवेअर कीलॉगर (दाबलेल्या कळा टिपणारं यंत्र) तिलाही दिसत नाही.

‘व्हायरस लागूच शकत नाही’

विंडोजचा नेहमीचा व्हायरस चालू लिनक्सवर चालत नाही, हे खरं. पण तोच ड्राइव्ह विंडोज सुरू असलेल्या बाधित मशीनला लावलात, तर त्यावरच्या लिहिता येण्याजोग्या पार्टिशनमध्ये काहीही टाकता येतं. २०२३मध्ये समोर आलेला ब्लॅकलोटस हा बूटकिट तर सिक्युअर बूटला वळसा घालून ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी चालू होत होता.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती आयएसओ कुठून घेतली याची. फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंक मागचं दार (बॅकडोर) ठेवलेल्या आयएसओकडे वळवली गेली. तेव्हा हल्ला थेट मूळ साइटवर झाला होता. या फॉरवर्डबरोबर फिरणाऱ्या गूगल ड्राइव्हसारख्या डाउनलोडच्या लिंकवर तर कुणाचंच लक्ष नसतं. आयएसओ मूळ प्रकल्पाच्या साइटवरूनच घ्या, एसएचए२५६ चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) साइटवरच्याशी ताडा आणि चेकसमच्या फाइलवर प्रकल्पाची डिजिटल सही असेल तर तीही तपासा. घुसखोर चेकसमही बदलू शकतो, पण सही बनवणं त्याला जमत नाही.

‘वेग हार्ड डिस्कइतकाच’

यूएसबी २.०ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आणि ३.०ची ५ गिगाबिट. पण अडतं ते पोर्टपाशी नाही. ऑपरेटिंग सिस्टिम सतत छोट्या छोट्या फाइली वाचते-लिहिते, आणि साध्या पेनड्राइव्हचा कंट्रोलर नेमका त्याच कामात हळू असतो. मोठी फाइल झरझर कॉपी होते म्हणून ब्राउझरही झरझर उघडेल असं नाही. सततच्या लिहिण्याने स्वस्त फ्लॅश लवकर झिजते, ते वेगळंच.

रोजचं काम करायचं असेल तर यूएसबीने जोडायची छोटी एसएसडी घ्या, तिच्यावर पूर्ण इन्स्टॉलेशन करा आणि इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शन चालू करा. खिशातली वस्तू हरवते, आणि एन्क्रिप्शन नसेल तर सापडणाऱ्याला लॉगिनचा पासवर्डही लागत नाही. तो ती आपल्या मशीनला लावून तुमच्या फाइली सरळ उघडतो.